फिल्म, हायपो आणि आपली दमट हवा

पागोळी, ११ मे, रात्री ११:१०

गेल्या रविवारी काळ्या घोड्याजवळच्या एका छोट्या गॅलरीत शिरले. खरं तर मैत्रीण चर्चगेटहून येईपर्यंत पाऊण तास काढायचा होता, आणि आत एसी होता. भिंतीवर मोठाले निळे कागद टांगलेले. फ्रेम नाही, काच नाही, नुसते वर दोन चिमटे. जवळ गेले तर एका कागदाची खालची कड आत वळलेली आणि निळ्यावर मिठाचे पांढुरके ओघळ सुकलेले. बोटाला खरखरीत लागले. (हो, हात लावला. राखणदार फोनवर होता.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: याला सायनोटाइप म्हणतात. लोखंडाची दोन क्षारद्रव्यं कागदाला फासायची, वाळवायची, वर पान-फूल-निगेटिव्ह काहीही ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यात धुवायचं. ऊन लागलं तिथे निळं, झाकलेलं पांढरं. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलं. पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्सने शेवाळाच्या नमुन्यांचे असे छाप काढून पुस्तक बांधायला घेतलं. इंजिनिअर लोकांची ब्लूप्रिंट ती हीच.

घरी येऊन रात्री दोनपर्यंत वाचत बसले. अमेरिकेत मेगन रीपेनहॉफ नावाची बाई असा फासलेला कागद थेट समुद्राच्या लाटेत धरते. लाट, वाळू, मीठ जे उमटवेल ते चित्र. ती कागद पूर्ण धूतही नाही, त्यामुळे छाप पुढेही बदलत राहतो. मॅथ्यू ब्रँट तलावाचा फोटो काढतो आणि ती प्रिंट त्याच तलावाच्या पाण्यात भिजत घालतो, रंगांचे थर सुटेपर्यंत. अ‍ॅलिसन रॉसिटर तर कॅमेराच वापरत नाही. मुदत संपलेल्या फोटोपेपरची जुनी पाकिटं गोळा करते, कागद अंधारात डेव्हलप करते, आणि इतक्या वर्षांत आत शिरलेला उजेड, ओल, कुणाचं तरी बोट, जे काही दिसेल तेच तिचं चित्र.

इथेच माझं डोकं अडकलं. माझ्या बाबांचा लालबागला फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट, लग्नं, दहावीचे ग्रुप फोटो. प्रिंटवर धुळीचा एक कण आला तर बाबा ती फाडायचे. पावसाळ्यात निगेटिव्हच्या पाकिटांत बुरशी धरू नये म्हणून कपाटात चाळिसाचा बल्ब चोवीस तास जळायचा, आणि आईची त्यावरून कटकट. त्यांचं उभं आयुष्य ज्या डागांना हाकलण्यात गेलं तेच डाग आता भिंतीवर, खाली किमतीची चिठ्ठी. बाबा असते तर काय म्हणाले असते, या प्रश्नावर मी अजून आहे.

तर मग मीही उद्योग केला. बाबांच्या ट्रंकेत ‘इंदू’चे दोन रोल निघाले. नव्या लोकांसाठी: उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता, त्याचा हा ब्रँड. एक रोल बाबांच्याच कॅमेऱ्यात घालून गिरगावात फिरून आले. लॅबवाला म्हणाला, एवढी जुनी फिल्म आमच्या मशीनमध्ये नको. मग इंटरनेटवरून कॅफेनॉलची, म्हणजे कॉफीपासून बनवायच्या घरगुती डेव्हलपरची पाककृती घेतली. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा, व्हिटॅमिन सी. लिटरला ४० ग्रॅम कॉफी, ५४ ग्रॅम सोडा, १६ ग्रॅम सी, वेळ १५ मिनिटं. मोरीत बसून केलं सगळं. वास असा की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. डेव्हलपर ओतला, नळाचं पाणी कोमट वाटलं म्हणून त्यानंतर फ्रीजमधल्या गार पाण्याने धुतलं, मग हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन. रोल बाहेर काढला तर जवळजवळ काळाकुट्ट, आणि खिडकीसमोर धरल्यावर त्यावर बारीक जाळी. सुरकुतलेल्या सायीसारखी.

दोन प्रश्न आहेत. एक, हे नेमकं काय झालं? दोन, मुंबईत हे काम आज कोण करतंय, कुठे करतंय? माहीतगारांनी लिहावं. धाग्याचं काश्मीर करू नये ही विनंती.


चिंचपोकळीकर, ११ मे, रात्री ११:४८

ताई, लेख छान. पण स्पष्ट बोलतो. रंगीत रोल हजाराच्या पुढे गेलाय, त्यात ३६ फोटो, धुवायचे-स्कॅनचे वेगळे. ज्यांच्या आजोबांनी पोटासाठी डार्करूममध्ये डोळे फोडले त्यांची नातवंडं हे करताना मला दिसत नाहीत. वांद्र्याच्या कॅफेत गळ्यात जुना कॅमेरा अडकवलेली मुलं दिसतात. डाग हवेत तर फोनमध्ये फिल्टर आहे, फुकट. ही हौस आहे. हौसेला मोल नाही म्हणतात, पण तिला कला म्हणायची सक्ती कशाला?


मोलभाव, १२ मे, सकाळी ७:०५

+१ किमतीबद्दल. फिल्टरबद्दल नाही. फिल्टर काय करणार ते आधीच ठरलेलं असतं, पागोळीताईंची जाळी कुणी ठरवली होती? बाकी रात्री सविस्तर लिहितो, आता पेपर तपासायचेत.


लाल दिवा, १२ मे, सकाळी ८:३०

पागोळी, तुमच्या बाबांच्या बल्बची गोष्ट वाचून बरं वाटलं. आमच्याकडेही तोच बल्ब होता. मी १९७४ पासून डार्करूममध्ये. आधी परळला एका स्टुडिओत, मग सिनेमाच्या लॅबमध्ये. डोळे शाबूत आहेत, चिंचपोकळीकर. कंबर गेली.

तुमचं काय झालं ते सांगतो. त्या पाककृतीतली १५ मिनिटं २० अंश तापमानासाठी आहेत. मे महिन्यात आपल्या नळाला २० अंश कुठून येणार? गच्चीवरची टाकी तापलेली, सकाळीसुद्धा ३० च्या घरात पाणी. त्या तापमानाला वेळ अर्ध्याहूनही कमी हवी. तुम्ही पूर्ण १५ मिनिटं शिजवलंत, म्हणून काळं. आणि गरम डेव्हलपरवर एकदम फ्रीजचं पाणी ओतलंत. जिलेटिन गरमीत फुगतं, गारव्यात आक्रसतं. एकदम झटका दिला की थर सुरकुततो. त्याला रेटिक्युलेशन म्हणतात. आजच्या फिल्मचा थर टणक केलेला असतो, सहसा असं होत नाही. तुमची फिल्म जुनी, थर मऊ, म्हणून झालं.

आम्ही काय करायचो? डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालायचो, त्याने जिलेटिन फार फुगत नाही. आणि हायपोत फटकडी. दाढी झाल्यावर न्हावी लावतो ना, तीच. थर आवळून धरते. पण हायपो आम्लयुक्त हवा, नाहीतर गाळ बसतो आणि निगेटिव्हवर पांढरी भुकटी. मोठी परात घ्यायची, त्यात पाणी आणि बर्फाची लादी फोडून, त्यात सगळ्या बाटल्या उभ्या. डेव्हलपर, धुवायचं पाणी, हायपो, सगळी एका तापमानाला. २४ चाललं तरी चालेल, पण सगळीकडे २४. गंमत म्हणजे रंगीत फिल्मचं रसायन ३८ अंशांना चालतं. तिथे विलायतेतल्या पोरांना पाणी तापवावं लागतं, आपल्याला थोडंसंच.

कॉफी कुठली वापरलीत? पाकिटावर चिकोरी लिहिलेलं बघा. आपल्याकडच्या निम्म्या इन्स्टंट कॉफीत चिकोरी असते. कॉफीतलं आम्ल काम करतं, चिकोरी नुसती घाण करते. स्वस्त, कडू, निव्वळ कॉफी घ्या. चांगली कॉफी प्यायला ठेवा.

आता तुमच्या बाबांविषयी. मीही प्रिंटा फाडल्यात. गिऱ्हाईक लग्नाचे पैसे देतं, त्याला सासऱ्याच्या गालावर डाग नको असतो. पण लॅबमध्ये रात्रपाळीला आमच्यातला एक जण टाकाऊ पट्ट्यांवर सुईने ओरखडे काढून प्रोजेक्टरवर लावायचा. चांदण्या पडल्यासारखं दिसायचं. आम्ही चहा पीत बघायचो. त्याला कला म्हणतात हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.


खारफुटी, १२ मे, दुपारी १:२२

लाल दिवा काका, तो शेवटचा परिच्छेद मी वहीत उतरवून घेतला. स्टॅन ब्रॅकेजने १९६३ मध्ये पतंगांचे पंख आणि गवताची पाती पारदर्शक चिकटपट्टीत दाबून, कॅमेऱ्याशिवाय फिल्म केली, ती आज जगभर शिकवतात. तुमची रात्रपाळी कुणी शिकवत नाही.

पागोळीताई, समुद्रातले सायनोटाइप मीही करते. गोराईला. रीपेनहॉफबाईंचे छाप बघून गेले होते, तसं काही आलं नाही. तिचं पाणी स्वच्छ, लाटेची कडा धारदार उमटते. आपल्या पाण्यात गाळ. पहिल्या कागदावर निळ्याऐवजी मातकट धुकं. दुसऱ्यावर विसर्जनानंतरचं निर्माल्य आलं आणि झेंडूच्या पाकळ्या कागदावर चिकटून बसल्या. धुतल्यावर तिथे पांढऱ्या पाकळ्या. एका पाकळीला कुरतडलेली कड होती, ती कुरतडसुद्धा आली. शेजारून वाकडीतिकडी पांढरी रेघ. आधी वाटलं केस असेल, नंतर कळलं की फाटक्या प्लास्टिकच्या गोणीचा दोरा. हे मी घरी बसून कधीच रचलं नसतं.

किनाऱ्यावर मासे वाळत घालणाऱ्या एक मावशी होत्या. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, “काय गो, नील घालतेस काय?” आता मी त्या मालिकेला तेच नाव दिलंय.

एक तांत्रिक गोष्ट. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं, आणि सायनोटाइपला अल्क चालत नाही, निळं फिकं पडत जातं. कडक लाँड्री सोड्यात तर मिनिटात पिवळं होतं. म्हणून लाटेत थोडाच वेळ, मग घरी साध्या पाण्यात. नाही धुतलं तर रीपेनहॉफबाईंसारखं, रोज वेगळं चित्र.


निसर्गवेडा ठाणे, १२ मे, दुपारी ३:०९

म्हणजे तुम्ही फेरीसायनाइड फासलेले कागद समुद्रात बुडवता? आणि नाव घेतलंय खारफुटी! आधीच सांडपाणी, प्लास्टिक, आता कलेच्या नावाने रसायनं. कुणीतरी विचारायला हवं होतं म्हणून विचारतो.


खारफुटी, १२ मे, दुपारी ३:३१

प्रश्न रास्त आहे, टोमणा नाही. मोलभाव सर, तुम्ही रसायनवाले ना? जरा सांगाल?


मोलभाव, १२ मे, रात्री ९:४०

आलो. वहीतलं लिहितो. सायनोटाइपमध्ये फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड. नेहमीचं माप: पहिल्याचं २५ ग्रॅम १०० मिलीत, दुसऱ्याचं १० ग्रॅम १०० मिलीत, वेगवेगळ्या बाटल्यांत, आणि वापरायच्या वेळी समसमान. नावातल्या सायनाइडला घाबरू नका, ते लोखंडाला घट्ट बांधलेलं असतं. पण जोरकस आम्लात टाकू नका, तापवू नका, आणि पाण्यात मिसळून उन्हात पडून राहिलं तर ते बंध हळूहळू सुटतातही. एका वहीच्या पानाएवढ्या कागदाला दोनेक मिली द्रावण लागतं. एका कागदाने समुद्र मरत नाही. तरी निसर्गवेडा यांचा मुद्दा मी सोडणार नाही. एकाने केलं ते चाळीस जणांनी कार्यशाळा म्हणून केलं की हिशोब बदलतो. बादलीत समुद्राचं पाणी घ्या, गाळासकट, निर्माल्यासकट, आणि छाप बादलीत काढा.

खरं घातक आहे ते वापरलेला हायपो, त्याबद्दल कुणी बोलत नाही. फिल्मवरची न वापरली गेलेली चांदी हायपोत विरघळते आणि आपण तो मोरीत ओततो. पाण्यातल्या जिवांना चांदी वाईट. उपाय सोपा आहे. कॅनमध्ये साठवा, त्यात भांडी घासायची लोखंडी स्टील वूल टाका. लोखंड विरघळतं, चांदी काळ्या गाळाच्या रूपात खाली बसते. स्टेनलेसची चमकदार घासणी चालत नाही, ती ढिम्म बसून राहते. मी दोन महिने तीच टाकून वाट बघत होतो. रसायनशास्त्राचा मास्तर!


लाल दिवा, १२ मे, रात्री १०:१५

आमच्या लॅबच्या दारात हायपोतली चांदी विकत घेणारा दर महिन्याला यायचा. हिशेबावरून मालकाशी भांडायचा. तोच तेवढा पर्यावरणवादी आम्ही पाहिलेला.


जुना अंक, १३ मे, पहाटे १:५५

झोप येत नाही तेव्हा मी लिहितो, सवय माफ असावी. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. आणि चिंचपोकळीकरांचा समज असा दिसतो की हे खूळ काल कॅफेत सुरू झालं.

१९६९ मध्ये चित्रकार अकबर पदमसींना जवाहरलाल नेहरू फेलोशिप मिळाली. त्या पैशातून त्यांनी नेपियन सी रोडवर व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप उभं केलं. १६ मिलिमीटरचा कॅमेरा, डार्करूम, एचिंगचा प्रेस, आणि दार उघडं. चित्रकार, छायाचित्रकार, सिनेमावाले, जो येईल तो. १९७२ पर्यंत चाललं. पदमसींनी तिथे ‘सिझिजी’ केली, निव्वळ रेषा आणि भौमितिक आकृत्यांचा मूक अ‍ॅनिमेशनपट. दुसरी ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’, तिची एकमेव प्रिंट पुढे हरवली. अशिम अहलुवालियांनी २०१६ मध्ये त्या हरवलेल्या फिल्मवर फिल्म केली.

त्या वर्कशॉपमध्ये नुकतीच जे.जे.तून बाहेर पडलेली एक मुलगी होती, नलिनी मलानी. ‘ड्रीम हाउसेस’ ही तिची स्टॉप-मोशन फिल्म १९६९ ची. कॅमेऱ्याशिवाय, फोटोपेपरवर थेट वस्तू ठेवून फोटोग्रामही तिने केले. म्हणजे रॉसिटरचं नाव घेताना आपल्या घरातलं हे नाव आधी यायला हवं होतं. (ताई, राग नसावा.)

त्याच सुमारास पेडर रोडला फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती सरकारी पैशातून ‘एक्स्प्लोरर’ (१९६८) आणि ‘अबिद’ (१९७२) करत होते. ‘अबिद’मध्ये चित्रकार आबिद सुरती खोलीभर रंगवत सुटतो, आणि जिवंत माणसाला एकेक फ्रेम थांबवून बाहुलीसारखं हलवलंय.

अजून मागे जायचं तर फाळके. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी फ्रेम-फ्रेम करून टिपली, ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ मध्ये. ती दाखवून भांडवल उभं केलं. तेव्हा कोरी फिल्म बिनभोकांची यायची. दादरच्या घरात अंधारात बसून कडेची भोकं सरस्वतीबाई पाडायच्या, फिल्म धुवायच्याही त्या. मराठी प्रायोगिक फिल्मचा इतिहास लिहायचा तर तो त्या खोलीतून सुरू होतो. आणि फोटोग्राफीचा लिहायचा तर १८५४ पासून. त्या वर्षी फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे निघाली, आणि भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी तिथल्या कर्त्या सभासदांपैकी.

आजचं विचारलंत. वर्सोव्याला हरकत स्टुडिओज आहे, २०१७ पासून ते १६ मिलिमीटरचा महोत्सव भरवतात, फिल्म हाताने धुवायला शिकवतात. शाई हेरेडियांनी २००३ मध्ये एक्सपेरिमेंटा महोत्सव मुंबईतच सुरू केला, मग तो बेंगळुरूला गेला. आपल्याकडून चांगल्या गोष्टी बेंगळुरूला का जातात हा वेगळा धागा.


चिंचपोकळीकर, १३ मे, सकाळी ९:२०

वाचलं. नेपियन सी रोडच ना? लालबाग नाही. माझा मुद्दा तिथेच उभा आहे.


जुना अंक, १३ मे, सकाळी ९:४४

आहे. पण तिथे दार उघडं होतं आणि कॅमेरा सामाईक होता. पदमसींनंतर तसं सामाईक काही या शहरात फार काळ टिकलं नाही, दुखणं ते आहे. २०१८ मध्ये ख्रिस्तोफर नोलन आणि टॅसिटा डीन एनसीपीएला आले होते, फिल्म हेरिटेज फाउंडेशनने आणलं होतं. नोलनसाठी रांगा. मी डीनबाईंसाठी गेलो. त्यांनी २०११ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या प्रचंड टर्बाइन हॉलमध्ये ‘फिल्म’ नावाचीच ११ मिनिटांची ३५ मिलिमीटरची मूक फिल्म १३ मीटर उंच पडद्यावर दाखवली होती. मला त्यांना विचारायचं होतं की एकट्या माणसाने लॅबशिवाय काय करावं. विचारायची हिंमत झाली नाही.


शेवग्याची शेंग, १३ मे, दुपारी १२:१६

मला यातलं काही कळत नाही, पण एक शंका. हळदीचा डाग पडला की आजी म्हणायची, साबणाने घासू नको, उन्हात टाक, जाईल. जातोही. म्हणजे हळदीने फोटो काढता येईल का? वेडा प्रश्न असेल तर सोडून द्या.


खारफुटी, १३ मे, दुपारी १२:५८

अजिबात वेडा नाही, हे तर आमच्या धंद्यातलं गुपित! याला अँथोटाइप म्हणतात, वनस्पतींच्या रंगावर हर्शेलने त्याच १८४२ च्या आसपास काम केलं होतं. हळद स्पिरिटमध्ये कालवून गाळून घ्यायची, कागदाला फासायची. वर पान किंवा पारदर्शक कागदावर छापलेला फोटो ठेवून काच दाबायची आणि गच्चीवर. मुंबईच्या मे महिन्यात काही तासांत उमटतं. बीट, जास्वंद यांना दिवसच्या दिवस लागतात. मग टाकणखाराच्या (बोरॅक्सच्या) पाण्यात बुडवायचं, पिवळं एकदम लालसर तपकिरी होतं. हळदीला चुना लावला की कुंकवाचा रंग येतो ना, तेच.

फक्त हे टिकत नाही. भिंतीवर लावलं की पुन्हा उडायला लागतं. मी आजीचा फोटो हळदीवर काढला आणि कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलाय. पाहायचा झाला की काढायचा, पुन्हा आत.


शेवग्याची शेंग, १३ मे, दुपारी १:०३

🙏 आता गच्चीवर जाते. सासूबाई विचारतील तर पापड म्हणून सांगते.


ध्रुवपद, १४ मे, संध्याकाळी ६:४०

दमट हवेवर बोलताय, आमच्या उन्हाचीही कथा ऐका. सोलारग्राफी: पत्र्याच्या डब्याला सुईचं भोक, आत कृष्णधवल फोटोपेपर, आणि डबा सहा महिने बांधून ठेवायचा. कागद धुवायचा नाही, नुसता स्कॅन. सूर्याच्या रोजच्या वाटा कमानीसारख्या उमटतात. मी २२ डिसेंबरला मुलुंडच्या खिडकीच्या गजाला, दक्षिणेकडे तोंड करून, युरोपातली पाककृती वाचून डबा सरळ उभा बांधला.

दोन चुका. पहिली खगोलाची. तिकडे हिवाळ्यात सूर्य क्षितिजाजवळ लोळतो. आपल्याकडे २२ डिसेंबरलाच दुपारी तो ४७-४८ अंशांवर, मार्चमध्ये ७१ वर. म्हणजे दुपारची वाट डब्याच्या चौकटीतून लवकरच वर निसटणार. आणि उद्या १५ मे. शून्य सावलीचा दिवस, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत सूर्य मुंबईच्या उत्तरेकडून जातो, दक्षिणेकडे तोंड केलेला डबा दुपारी रिकाम्या आभाळाकडे बघत बसतो. डबा ४५ अंश मागे रेलवायला हवा होता.

दुसरी चूक सोसायटीची. काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेला डबा गजाला बांधलेला बघून कुणीतरी सेक्रेटरींना सांगितलं. त्यांनी काढून घरी नेला. मागायला गेलो तर झाकण उघडून बसलेले. “आत नुसता कागद आहे हो!”


लाल दिवा, १४ मे, संध्याकाळी ७:२५

टाकू नका. खोलीतल्या पाच मिनिटांच्या उजेडाने महिन्यांचं ऊन पुसत नाही. स्कॅन करा, पण एकदाच, स्कॅनरचा दिवाही कागद काळवंडवतो.


ध्रुवपद, १५ मे, रात्री १०:३०

केला. खालच्या बाजूला समोरच्या बिल्डिंगची टाकी ओळखू येते. तिच्यावर डिसेंबर-जानेवारीच्या कमानी, दाट, एकाला एक खेटून. फेब्रुवारीनंतर मधला भाग कोरा, दोन्ही बाजूंना नुसते सकाळ-संध्याकाळचे तुकडे. वरच्या कोपऱ्यात मुंग्यांनी कागद खाल्लाय. बायकोने फोनच्या वॉलपेपरला लावला. सेक्रेटरींना पाठवला, त्यांनी विचारलं, यात आमचा फ्लॅट कुठे.


पागोळी, १६ मे, रात्री ११:२०

सगळ्यांचे आभार. जुना अंक, राग कसला, मलानींचे फोटोग्राम मी शोधून बघितले, आणि मग बाबांच्या ट्रंकेतला ब्रोमाइड पेपरचा अर्धा पुडा घेऊन बसले. एका पानावर आईची बांगडी आणि कात्री. कागद जुना, सगळीकडून राखाडी. पण कडेला एक अंगठा आला. माझा नाही, मी हातमोजे घातले होते. बाबांचाच असेल असं म्हणणार नाही, दुकानात तिघं काम करायचे.

चिंचपोकळीकर, तुम्ही लालबागचं म्हणालात ते मनात राहिलंय.


चिंचपोकळीकर, १७ मे, सकाळी ८:१०

ताई, मी का चिडतो ते सांगतो. मी एक्स-रे टेक्निशियन. २२ वर्षं ओल्या फिल्म धुतल्या, नखं पिवळी. मग सगळं डिजिटल झालं आणि डार्करूमचं स्टोअर झालं. कुणी हायपोच्या वासाला सुगंध म्हटलं की डोकं सणकतं.

पण एक गोष्ट कुणी सांगितली नाही म्हणून सांगतो. रोल कशाला घेता? एक्स-रे फिल्म घ्या. मोठा पत्रा येतो, कापून घ्या, पिनहोलच्या डब्यात किंवा जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात घाला. रोलच्या मानाने फार स्वस्त. तिला लाल रंग दिसत नाही, म्हणजे लाल दिव्यात डोळ्यासमोर धुता येते, चाचपडावं लागत नाही. फक्त दोन्ही बाजूंना थर असतो, ट्रेमध्ये घासली की ओरखडे. तळाला काच ठेवा आणि एका वेळी एकच पत्रा, कडेने धरायचा. माणसाचा फोटो काढाल तर ओठ काळे येतात, त्याला इलाज नाही.


खारफुटी, १७ मे, सकाळी ८:२६

ओठ काळे येतात?! मला आजच हवी.


लाल दिवा, १७ मे, सकाळी ९:००

चिंचपोकळीकर, तुम्ही या. पागोळी, तुमची मोरी किती मोठी आहे?


पागोळी, १७ मे, सकाळी ९:१२

चार माणसं दाटीवाटीने. पाचवा दारात. खालच्या काकूंना आधीच सांगून ठेवते.


लाल दिवा, १७ मे, सकाळी ९:२०

मग येत्या रविवारी चार वाजता, उन्हं उतरल्यावर. परात आणि फटकडी माझ्याकडे. मोलभाव, स्टील वूल तुम्ही, लोखंडी. चिंचपोकळीकर, फिल्म. बर्फाची लादी कुणीतरी येताना घ्या, स्टेशनबाहेर मिळते, गोणपाटात गुंडाळून. आणि कॉफी बिनचिकोरीची.


निसर्गवेडा ठाणे, १७ मे, सकाळी ९:४१

हायपोचा रिकामा कॅन मी आणतो. मोरीत ओतताना दिसलात तर बघा.